बाजारात तुरी : विजेच्या मोटारी आणि भांडवलाचा बोलबाला

श्रोतेहो, 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तूर अजून बाजारातच आहे, चुलीवर आधण चढलेले नाही, आणि वरण घट्ट करायचे की पातळ, यावरून घरात मात्र भांडण जुंपले आहे. शेअर बाजारात पुष्कळदा हाच प्रकार चालतो. फरक एवढाच, की तिथे या भांडणावर माणसे आपला खरा पैसा लावतात.

पूर्वी शेअर घेणे ही मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरची गोष्ट होती. आता ती खेड्यातल्या पारावर आली आहे. खिशातल्या मोबाईलवर बोट फिरवले की शेअर विकत मिळतो. त्यामुळे सोयाबीनचे चार पैसे हातात आलेला शेतकरी किंवा पगारातून थोडेफार शिल्लक टाकणारे मास्तर सहज विचारतात, "विजेच्या मोटारी येणार हे तर आता पोरसोरही सांगतं. मग त्या बनवणाऱ्या कंपनीत पैसे घातले, तर बिघडलं कुठं?" प्रश्न रास्त आहे. पण तो नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या भल्याभल्यांनी तो विचारला होता, आणि त्याचे उत्तर त्यांना फार महाग पडले. ती हकीकत आज सांगायची आहे.

विजेची मोटार ही आपल्या काळातली नवलाई आहे असे पुष्कळांना वाटते. पण १८९७ साली लंडन आणि न्यूयॉर्क या दोन्ही शहरांत विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. लंडनची कंपनी दोनच वर्षांत बंद पडली. न्यूयॉर्कची गोष्ट अधिक लांबली, आणि आपल्या कामाची गोष्ट तीच आहे.

फिलाडेल्फिया शहरातल्या हेन्री मॉरिस आणि पेड्रो सालोम या दोघांनी १८९४ मध्ये विजेची एक गाडी तयार केली. एक यंत्रज्ञ, दुसरा रसायनाचा जाणकार. पुढे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये डझनभर गाड्या भाड्याने फिरवायला सुरुवात केली. त्या काळचे न्यूयॉर्क म्हणजे घोड्यांचे शहर. रस्तोरस्ती लीद, दुर्गंधी आणि माश्या. त्यात ही गाडी आवाज न करता, धूर न सोडता चालायची. लोकांना ती न आवडती तरच नवल!

या गाडीचे सारे मर्म बॅटरीत होते. शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल यांची ती बॅटरी. एका गाडीतल्या बॅटरीचे वजन हजार पौंडांच्या वर, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेचार क्विंटलहून अधिक. एवढे ओझे वाहून गाडी एका दमात जायची सुमारे २५ मैल. मग बॅटरी पुन्हा भरेपर्यंत गिऱ्हाईक थांबणार थोडेच? म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. गाडी ठाण्यात आली की तिच्यातली रिकामी बॅटरी यंत्राच्या साहाय्याने बाहेर ओढायची, भरलेली आत सरकवायची, आणि काही मिनिटांत गाडी परत रस्त्यावर. टांगेवाला दमलेला घोडा बदलतो ना, तसेच. बॅटरी बदलण्याची ही पद्धत आज नवी म्हणून सांगितली जाते. तिचे वय एवढे आहे. गाड्यांना वेगही बरा होता. मे १८९९ मध्ये अशाच एका गाडीच्या चालकाला ताशी १२ मैल वेगाने हाकल्याबद्दल सायकलवरच्या पोलिसाने पकडले होते. तिथे मर्यादा होती ताशी ८ मैलांची.

त्या वेळी या गाडीला स्पर्धा कोणाची होती, हे पाहण्याजोगे आहे. १९०० सालच्या अमेरिकन औद्योगिक गणनेत वर्षभरात तयार झालेल्या मोटारींचा आकडा ४,१९२ असा आहे. त्यांपैकी १,६८१ वाफेवर चालणाऱ्या, १,५७५ विजेवर चालणाऱ्या, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या फक्त ९३६. शिक्षक बंधुभगिनींनी हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना जरूर विचारावे, की तुमच्याजवळ पैसा असता तर तुम्ही कोणत्या गाडीवर लावला असता? बहुतेक मुले वाफेचे किंवा विजेचे नाव घेतील. शहाणी मुलेही तेच करतील. पेट्रोलची गाडी तेव्हा आवाज करायची, वास मारायची, आणि तिचा दांडा फिरवताना हात मोडायची भीती असायची.

मोठ्या भांडवलदारांनी हाच हिशेब केला. आयझॅक राइस नावाचे एक वकील होते. बुद्धिबळाचे मोठे शौकीन. बॅटरी बनवणारी मोठी कंपनी त्यांच्या हातात होती. त्यांनी १८९७ मध्ये मॉरिस आणि सालोम यांचा धंदा ताब्यात घेऊन 'इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनी' स्थापन केली. १८९९ मध्ये तिच्यात विल्यम व्हिटनी आले. हे गृहस्थ पूर्वी अमेरिकेचे नौदलमंत्री होते आणि न्यूयॉर्कच्या ट्रामगाड्यांचा कारभार त्यांच्या हाती होता. त्यांच्या जोडीला आणखी मातब्बर सावकार आले. सायकलींसाठी नावाजलेला हार्टफर्ड गावचा पोप यांचा कारखानाही गाड्या बांधण्यासाठी जोडून घेतला गेला. बेत असा ठरला, की न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो, फिलाडेल्फिया अशा साऱ्या मोठ्या शहरांत विजेच्या हजारो गाड्या फिरवायच्या आणि भाड्याच्या वाहतुकीचा मक्ताच आपल्याकडे घ्यायचा.

आता या धंद्याची रचना नीट ध्यानात घ्या. बॅटरीची कंपनी बॅटऱ्या विकणार मोटारीच्या कंपनीला. मोटारीची कंपनी गाड्या विकणार शहराशहरांत काढलेल्या भाडेगाड्यांच्या कंपन्यांना. आणि या शहरी कंपन्यांना पैसा कुठून मिळणार? शेअर विकून, लोकांकडून. म्हणजे गाडीत गिऱ्हाईक बसो न बसो, वरच्या दोन कंपन्यांच्या वहीत विक्री दिसणारच. एका खिशातले दुसऱ्या खिशात गेले तरी मधल्या मध्ये नफा लिहिता येत होता. 'हॉर्सलेस एज' नावाचे मोटारींना वाहिलेले एक नियतकालिक होते. त्याने या साऱ्या मंडळींचे नाव 'शिशाच्या गाड्यांची मक्तेदारी' असे पाडले आणि टीकेची झोड उठवली. १८९९ च्या अखेरीस 'न्यूयॉर्क हेरल्ड' या वृत्तपत्राने कंपनीच्या कर्जव्यवहारात लबाडी असल्याचे छापले. झालं! जे लोक काल शेअर मिळावा म्हणून धडपडत होते, तेच आज तो विकायला धावले.

नुसत्या बातमीने धंदा बुडत नाही. आतून पोकळ असला तर मात्र बुडतो. इथे खरी गोम बॅटरीत होती. गाडीला बसणाऱ्या हादऱ्यांनी शिशाचे पत्रे झिजत, त्यांच्यावरचा लेप गळून पडे. रोज निगा राखली तर बॅटरी टिकायची; पण घाईने नेमलेल्या, नीट न शिकवलेल्या माणसांच्या हाती ती लवकर निकामी व्हायची. जड गाडीखाली रबरी टायरही फार दिवस तग धरत नसत. न्यूयॉर्कच्या ठाण्यात कारभार बरा होता. इतर शहरांत तो ढासळला. १९०१ च्या सुमारास बोस्टन आणि शिकागो इथल्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला.

मूळ कंपनी मग जगली कशावर? एका कागदावर. जॉर्ज सेल्डन नावाच्या वकिलाला १८९५ साली पेट्रोलच्या मोटारीचे पेटंट, म्हणजे शोधाचा सरकारी हक्क, मिळाला होता. विजेच्या या कंपनीने १८९९ मध्ये तो हक्क आपल्याकडे घेतला. पुढे पेट्रोलच्या मोटारी बनवणाऱ्या कारखानदारांकडून ती गाडीच्या किमतीवर सव्वा टक्का पट्टी वसूल करू लागली. गंमत पाहा, विजेची कंपनी आपल्या शत्रूच्या धंद्यावर पोट भरत होती! हेन्री फोर्ड यांनी ही पट्टी द्यायला साफ नकार दिला. १९०३ मध्ये खटला उभा राहिला. १९०९ मध्ये निकाल फोर्डच्या विरुद्ध गेला. पण अपिलात, जानेवारी १९११ मध्ये, न्यायालयाने सांगितले की फोर्डचे इंजिन वेगळ्या जातीचे आहे, त्याला हे पेटंट लागू होत नाही. तोवर इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनीचे दिवाळे निघून, १९०७ सालीच, सारा खेळ आटोपला होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फ्रान्सहून आणलेल्या पेट्रोलच्या टॅक्सी धावू लागल्या.

पेट्रोलची गाडी पुढे का गेली, याची कारणेही साधी आहेत. फोर्ड यांनी १९०८ मध्ये आपली 'मॉडेल टी' गाडी काढली. किंमत ८५० डॉलर. कारखान्यातली कामाची पद्धत सुधारत ते किंमत उतरवीत गेले, आणि १९२५ मध्ये तिचा सर्वांत साधा प्रकार २६० डॉलरला मिळू लागला. १९१२ च्या सुमारास विजेची छोटी गाडी मात्र १,७५० डॉलरच्या घरात होती. त्याच वर्षी कॅडिलॅक गाडीत बटण दाबून इंजिन सुरू करण्याची सोय आली आणि हात मोडणारा दांडा गेला. विजेच्या गाडीची सर्वांत मोठी सोय तिथेच संपली. शिवाय खेड्यांचा प्रश्न होताच. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दर दहा शेतकरी घरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. पेट्रोलचा डबा कुठेही नेता येत होता. वीज कुठून आणायची?

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ. व्हिटनी आणि राइस यांचे भाकित खोटे होते काय? विजेची गाडी येणार हे खरेच होते. फक्त ती शंभर वर्षांनी आली. शेअर घेणारा मात्र शंभर वर्षे थांबू शकत नाही. पेरणी रोहिणीत करायची की मृगात, एवढ्याशा फरकाने पीक हातचे जाते, हे आपल्याला सांगायला नको.

"बरं, तेव्हा बॅटरी वाईट होती, पण आता ती चांगली आहे ना?" असे कोणी म्हणेल. तर नव्या काळाकडे वळू. १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने लिथियमची बॅटरी बाजारात आणली. सारख्या वजनात ती शिशाच्या बॅटरीहून कितीतरी अधिक वीज साठवते. तिच्या जोरावर २००३ मध्ये अमेरिकेत टेस्ला कंपनी निघाली; पुढल्या वर्षी इलॉन मस्क यांनी तिच्यात पैसा घातला. २००८ च्या अखेरीस ती बुडता बुडता वाचली. जून २०१० मध्ये तिचा शेअर १७ डॉलरला लोकांना विकला गेला. तेव्हापासून बाजारात दोन तट पडले. तेजीवाले म्हणत, ही कंपनी जग जिंकणार. मंदीवाले म्हणत, ही बुडणार. मंदीवाला काय करतो, तर दुसऱ्याचा शेअर उसना घेऊन आज विकतो आणि भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करतो. भाव चढला तर त्याच्या गळ्याला फास. १ जुलै २०२० रोजी टेस्लाच्या साऱ्या शेअरांची किंमत जपानच्या टोयोटाहून अधिक झाली. आदल्या वर्षी टोयोटाने कोटीवर गाड्या विकल्या होत्या, आणि टेस्लाने पावणेचार लाखांच्या आत. मंदीवाल्यांनी त्या वर्षी जबर खोट खाल्ली. म्हणजे नुसते संशयी असूनही भागत नाही बरे!

पण टेस्लाचा भाव चढलेला पाहून 'दुसरी टेस्ला' शोधणाऱ्यांची काय गत झाली? निकोला नावाची एक कंपनी निघाली. टेस्ला आणि निकोला ही एकाच शास्त्रज्ञाच्या नावाची दोन अंगे. विजेवर आणि हायड्रोजनवर चालणारे ट्रक ती बनवणार होती. जून २०२० मध्ये, एकही ट्रक विकलेला नसताना, बाजारात तिचे मोल काही काळ फोर्ड कंपनीहून अधिक झाले. पुढे उघड झाले, की ज्या चित्रफितीत तिचा ट्रक दिमाखात धावताना दिसत होता, त्यात तो उतारावरून सोडून दिलेला होता! तिच्या संस्थापकाला गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल २०२२ मध्ये दोषी ठरवले गेले, २०२३ मध्ये चार वर्षांची शिक्षा सुनावली गेली, आणि २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली. कंपनीने त्याआधी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, दिवाळे जाहीर केले होते. माफी संस्थापकाला मिळाली; शेअरवाल्यांचे पैसे काही परत आले नाहीत.

सगळेच लबाड असतात असे मुळीच नाही. रिव्हियन ही कंपनी खरोखरीच्या गाड्या बनवत होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचा शेअर ७८ डॉलरला विकला गेला आणि काही दिवसांत कंपनीचे मोल फोर्ड व जनरल मोटर्स या दोघींहून अधिक झाले. तोवर तिने गिऱ्हाइकांच्या हाती दिलेल्या गाड्या दोनशेही नव्हत्या. २०२२ च्या अखेरीस तोच शेअर १८ डॉलरच्या आसपास आला. गाडी खरी, कारखाना खरा. भाव तेवढा हवेतला.

आणि स्पर्धा? ती आली भलत्याच दिशेने. चीनमधल्या शेनझेन शहरात वांग चुआनफू यांनी १९९५ मध्ये बॅटऱ्या बनवायचा कारखाना काढला. नाव बीवायडी. ही कंपनी २००३ मध्ये मोटारीच्या धंद्यात शिरली. २००८ मध्ये अमेरिकेतले जाणते गुंतवणूकदार वॉरेन बफे यांच्या कंपनीने तिचा सुमारे दहावा हिस्सा २३ कोटी डॉलरना घेतला. २०११ मध्ये एका मुलाखतीत बीवायडीचे नाव निघताच मस्क खुदकन हसले होते. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत बीवायडीने निव्वळ विजेच्या ५,२६,४०९ गाड्या विकल्या, आणि टेस्लाने ४,८४,५०७. २०२५ च्या सबंध वर्षात तर बीवायडीच्या विजेच्या गाड्या बावीस लाखांवर गेल्या, टेस्लाच्या सोळा लाखांच्या घरात राहिल्या. न्यूयॉर्कची कंपनी जिथे हरली, त्या बॅटरीपासूनच बीवायडीने सुरुवात केली होती, हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. तरीही २०२५ अखेर शेअर बाजार टेस्लाचेच मोल कैक पटींनी अधिक धरत होता. कारण काय, तर चालकाशिवाय धावणाऱ्या टॅक्सी आणि यंत्रमानव यांविषयीची आशा. म्हणजे बाजाराची नजर १८९९ प्रमाणे पुन्हा भाड्याच्या गाड्यांवरच!

बीवायडी जिंकली, पण चीनमधले सारे कारखानदार सुखी झाले असे नाही. २०२३ च्या आरंभी टेस्लाने तिथे किमती उतरवल्या, आणि मग उतरत्या किमतीची शर्यतच लागली. काही कंपन्या त्यात बसल्या. आपल्या नाशिक भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. कांद्याला भाव आला की पुढच्या हंगामात सारा तालुका कांदा लावतो. लोक काही कांदा खायचे सोडत नाहीत; उलट अधिकच खातात. पण भाव पडतो, आणि ज्याचा खर्च सर्वांत कमी, तोच तगतो. कांद्याची गरज खरी असली तरी कांदेवाल्याचा नफा ठरलेला नसतो. विजेच्या मोटारीचेही तसेच आहे.

आपल्याकडेही याची चुणूक दिसली आहे. पुण्याजवळ रांजणगावला बनणारी टाटांची विजेची नेक्सॉन जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. २०२३ च्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या विजेच्या दहा मोटारींपैकी सात टाटांच्या असत. मग एमजीची विंडसर आली, चाकणला बनणाऱ्या महिंद्रांच्या गाड्या आल्या, आणि २०२५ पर्यंत टाटांचा वाटा निम्म्याहून खाली उतरला. ग्राहकाचे भले झाले. त्याला निवड मिळाली, किमती आवाक्यात येऊ लागल्या. ज्याने त्या मोठ्या वाट्याकडे पाहून पैसा लावला असेल, त्याला मात्र पुन्हा हिशेब मांडावा लागला. जुलै २०२५ मध्ये टेस्लानेही मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान थाटले. तिच्या गाडीची किंमत साठ लाखांच्या घरात होती.

तर मंडळी, शेअर घेऊ नका असे सांगण्याचा माझा अधिकार नाही, आणि हेतूही नाही. कारखाने उभे राहायला भांडवल लागतेच. ते कोणीतरी दिलेच पाहिजे. पण द्यायच्या आधी, बैल घेताना आपण जसे दात पाहतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो, तशी पारख करावी. कंपनीने गेल्या वर्षी गिऱ्हाइकांना खरोखर किती गाड्या विकल्या? एका गाडीमागे खर्च वजा जाता उरले काय? शेजारचा कोणी तीच वस्तू स्वस्तात देऊ शकेल काय? आणि हा भाव टिकायचा तर पुढच्या दहा वर्षांत किती गाड्या खपाव्या लागतील? या चार प्रश्नांना पुरेल एवढे गणित सातवीच्या मुलालाही येते. शिक्षकांनी ते वर्गात करून घ्यावे. वर्तमानपत्रातला एखादा ताळेबंद घेऊन बसावे.

आणि मोबाईलवर कोणी छातीठोकपणे सांगू लागले, की अमुक शेअर घ्या, विजेच्या गाड्या येणारच आहेत, तर त्याला न्यूयॉर्कच्या त्या गाड्यांची गोष्ट सांगावी. गाड्या येणार हे त्यांनाही माहीत होते.